हेल्पर हेल्परच राहणार काय?

खंडेनवमीला भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे हा सोहळा पूर्वीइतक्याच श्रद्धेने आजही पार पडतो. फरक पडला आहे तो पूजेच्या मांडणीत. पूर्वी लेथजवळ कामगार आपली हत्यारे मांडून ठेवीत असे. स्वतः घासून धार लावलेली टूल्स, फडक्यात गुंडाळून जपलेला मायक्रोमीटर, व्हर्नियर. ती हत्यारे वापरण्याचे कसब त्याचे स्वतःचे होते आणि म्हणून त्या पूजेला अर्थ होता. आता माळ चढते ती संगणकनियंत्रित यंत्राच्या पडद्यावर किंवा यंत्रमानवाच्या पोलादी हातावर. नारळ फोडणाऱ्या तरुणाजवळ पूजेत मांडण्यासारखे स्वतःचे असे काही उरलेले नाही. पुढच्या खंडेनवमीला आपण याच कारखान्यात असू की नाही, हेही त्याला ठाऊक नसते. ते ठेकेदाराला ठाऊक असते.

यंत्र आणि कामगार हा विषय निघाला की चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते : नोकऱ्या किती जाणार? प्रश्न खोटा नाही. अर्थतज्ज्ञ अमित भादुरी यांनी २००८ साली एका लेखात पुण्यातीलच दोन उदाहरणे दिली होती. टाटा मोटर्सच्या पुण्यातील कारखान्यात १९९९ ते २००४ या काळात कामगार ३५ हजारांवरून २१ हजारांवर आले आणि वाहनांचे उत्पादन मात्र १ लाख २९ हजारांवरून ३ लाख ११ हजारांच्या पुढे गेले. बजाजच्या कारखान्यात १९९०च्या दशकाच्या मध्याला २४ हजार कामगार दहा लाख दुचाक्या तयार करीत असत. २००४ साली साडेदहा हजार कामगार २४ लाख दुचाक्या तयार करू लागले. जपानी यंत्रमानव आणि भारतीय संगणकज्ञान यांच्या साहाय्याने हे घडले.

हे आकडे बोलके आहेत, पण ते अर्धेच बोलतात. चाकणच्या चौकात सकाळी उभे राहिले तर काम संपले आहे असे कोणालाही वाटणार नाही. बीड, लातूर, नांदेड, परभणीकडची आणि त्यांच्याबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातील मुले बसगाड्यांतून उतरत असतात आणि ठेकेदारांना ती हवीच असतात. काम आहे, काम मिळतेही. बदलला आहे तो त्या कामाचा पोत. देशातील संघटित कारखान्यांमध्ये ठेकेदारामार्फत येणाऱ्या कामगारांचे प्रमाण या शतकाच्या आरंभी सुमारे २० टक्के होते. २०२२-२३च्या वार्षिक औद्योगिक पाहणीत ते ४० टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे नोकरी गेली की राहिली, एवढ्यावर थांबून भागणार नाही. राहिलेल्या नोकरीत माणूस काय शिकतो आणि दहा वर्षांनी तो कोठे पोहोचतो, हे पाहावे लागेल. चिंता करावी अशी गोष्ट तेथे आहे.

पूर्वीची शिडी कशी होती, हे आठवून पाहण्यासारखे आहे. गावाकडून आलेला, दहावी झालेला किंवा न झालेला मुलगा हेल्पर म्हणून कारखान्यात शिरे. झाडलोट, बरी गोळा करणे, जॉब उचलून देणे, चहा आणणे ही त्याची पहिली दोन वर्षे. पण ही दोन वर्षे तो ऑपरेटरच्या शेजारी उभा असे. लेथवर पोलाद कापले जात असताना बरी निळी पडू लागली की टूल तापले आहे, आवाज कर्कश झाला की धार गेली आहे किंवा जॉब सैल बसला आहे, हे त्याच्या कानाडोळ्यांना न सांगता कळू लागे. एखाद्या दिवशी ऑपरेटर रजेवर असे, फोरमन म्हणे, ‘लाव रे तू’, आणि हेल्पर यंत्रावर उभा राही. ग्राइंडरवर टूलला धार देताना चारदा चुके, पाचव्यांदा कोन बरोबर येई. पुढे तो टर्नर होई, कोणी फिटर, कोणी टूलरूममध्ये जाई. आणि त्यांतलाच एखादा धाडसी गडी, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून, प्रसंगी पत्नीचे दागिने गहाण टाकून, भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ टाकी. भोसरी आणि चिंचवडच्या लघुउद्योगांत असे शेकडो उद्योजक आढळतील, ज्यांचे विद्यापीठ म्हणजे टेल्को आणि बजाजची शॉप फ्लोअर होती.

हे सारे आपोआप घडले नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा शिकलेला कामगार तेथे कोठून येणार? आसपासच्या खेड्यांतील माणसे घेऊन त्यांनी ती घडवली. टेल्कोचा पुण्यातील प्रकल्प १९६६ साली उभा राहू लागला, तेव्हा सुमंत मुळगावकर यांनी प्रशिक्षण आणि टूलरूम यांना कारखान्याच्या पायात स्थान दिले. माणूस घडवणे हा तेव्हा उद्योगाच्या खर्चाचा भाग होता, उपकाराचा नव्हता.

आता त्याच परिसरातील आजच्या कारखान्यात जावे. एअर कंडिशनरची थंड हवा, स्वच्छ फरशी, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेले रस्ते. तरुण सीएनसी यंत्रासमोर उभा आहे. त्याचे काम असे : दार उघडायचे, तयार झालेला जॉब काढायचा, कच्चा जॉब फिक्सरमध्ये बसवायचा, दार लावायचे, हिरवे बटण दाबायचे. दाराआड काय चालले आहे ते फवाऱ्यामुळे धड दिसत नाही आणि पाहण्याची गरजही नाही. कोणत्या वेगाने, किती खोल, कोणत्या टूलने कापायचे हे सारे प्रोग्रॅममध्ये आहे. प्रोग्रॅम अभियंत्याने लिहिला आहे आणि त्याला कुलूप आहे. माप थोडे सरकले तर यंत्राच्या ऑफसेटमध्ये आकडा बदलावा लागतो, पण तो अधिकार सेटरचा. तरुणाने फक्त गेज लावून पाहायचा. गेला तर ठीक, नाही गेला तर लाल पेटीत टाकायचा. या कामाला ‘लोडिंग-अनलोडिंग’ म्हणतात आणि नावातच सर्व काही आले.

जुळणीच्या मार्गिकेवरही निराळे चित्र नाही. पूर्वी नट किती आवळायचा हे मनगटाला ठाऊक असे. आता विजेवर चालणारा रेंच ठरलेला टॉर्क आला की आपोआप थांबतो, हिरवा दिवा लावतो आणि कोणत्या गाडीचा कोणता बोल्ट किती आवळला याची नोंद संगणकाकडे पाठवतो. पुढचा भाग कोणत्या खणातून उचलायचा हे खणावरचा दिवा सांगतो. चुकीचा भाग उचलला तर भोंगा वाजतो. डोक्यावरच्या फलकावर या पाळीतले उद्दिष्ट किती, झाले किती, मागे किती, हे सर्वांना दिसेल अशा अक्षरांत झळकत असते. फलकाला माणसाची सारी माहिती आहे. माणसाला यंत्राची काहीच नाही.

असे काम चार दिवसांत शिकता येते. उद्योगाच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे, कारण चार दिवसांत शिकता येणाऱ्या कामावरचा माणूस चार दिवसांत बदलताही येतो. वर्षात २४० दिवस काम झाले की कायद्याच्या दृष्टीने ती अखंड सेवा ठरते, म्हणून सात महिने झाले की ‘ब्रेक’ देण्याची पद्धत औद्योगिक पट्ट्यात सर्वांना परिचित आहे. एकोणिसाव्या वर्षी आलेला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत सात-आठ कारखाने पाहतो आणि प्रत्येक ठिकाणी दार उघडतो, जॉब बसवतो, बटण दाबतो. नऊ वर्षांच्या अनुभवाच्या अखेरीस तो पहिल्या दिवशी होता तेवढाच अकुशल असतो. तिशीनंतर त्याच्याहून वेगाने हात चालवणारा एकोणीस वर्षांचा दुसरा मुलगा गावाकडून आलेला असतो. लग्नाच्या बाजारात ‘कंपनीत आहे’ या शब्दाचे वजन अलीकडे का घटले, हे मराठवाड्यातील कोणत्याही आईबापांना विचारावे.

यावर उद्योगाचे म्हणणे असे की, तंत्रज्ञान असेच असते. काळाचा प्रवाह उलटा फिरवता येत नाही. हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर तपासले तर पूर्णपणे टिकत नाही.

आकड्यांनी यंत्र चालवण्याच्या कल्पनेचा उगम अमेरिकेत आहे. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्स यांनी ती मांडली, अमेरिकन हवाई दलाने पैसा पुरवला आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ साली असे यंत्र चालवून दाखवले. पण त्याच सुमारास दुसरी एक पद्धतही अस्तित्वात होती. जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी ती करून पाहिली होती. तिच्यात कुशल कारागीर पहिला जॉब स्वतःच्या हाताने करी, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जात आणि पुढचे जॉब यंत्र ती फीत वाजवून करी. थोडक्यात, कारागीर गुरू आणि यंत्र शिष्य. पहिल्या पद्धतीत मात्र ज्ञान कारखान्याच्या फरशीवरून उठून अभियंत्याच्या खोलीत गेले. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात हा सारा वृत्तान्त दिला आहे. विमानाच्या पंखांचे गुंतागुंतीचे आकार हाताने करून नोंदवणे अवघड होते, हे पहिल्या पद्धतीच्या विजयाचे एक खरे कारण होते. पण ते एकमेव नव्हते. कामाचा वेग आणि पद्धत यांवरचे नियंत्रण कामगाराच्या हाती राहू नये, ही व्यवस्थापनाची इच्छा तितकीच प्रबळ होती, असे नोबल यांचे प्रतिपादन आहे. संप आणि संघर्षाने गाजलेला तो काळ पाहता ते अविश्वसनीय वाटत नाही.

गंमत अशी की, त्या वेळी मागे पडलेली कल्पना आता नव्या रूपात परत आली आहे आणि तिचे एक घर चाकणला आहे. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स या कंपनीचे सहयोगी यंत्रमानव, ज्यांना ‘कोबॉट’ म्हणतात, बजाज ऑटोने २०१० साली आपल्याकडे आणले. चाकणच्या मार्गिकेवर महिला कामगारांच्या शेजारी ते काम करू लागले. हा यंत्रमानव पिंजऱ्यात ठेवावा लागत नाही. त्याचा हात धरून, हवा तसा फिरवून त्याला काम शिकवता येते. संगणकाची भाषा येण्याची अट नाही. लहान मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावे, तसाच हा प्रकार. म्हणजे दहावी झालेली मुलगी यंत्रमानवाची शिक्षिका होऊ शकते. हा अधिकार तिला द्यायचा, की तोही अभियंत्याच्या खोलीत कुलूपबंद करायचा, हे यंत्र ठरवत नाही. प्रत्येक कारखान्यातले माणूस ठरवते.

जपानचे उदाहरण तर अधिकच उद्बोधक आहे. यंत्रमानवांच्या वापरात अग्रेसर असलेल्या टोयोटाने आपल्या काही मार्गिकांवर पुन्हा हाताने काम सुरू केले, ही बातमी २०१४ साली जगभर गाजली. या प्रयोगामागे होते मित्सुरू कावाई. कोवळ्या वयात टोयोटाच्या प्रशिक्षणशाळेत दाखल झालेले हे गृहस्थ, हातोडा आणि भट्टीवर घडलेले. तापलेले पोलाद हाताने ठोकून क्रँकशाफ्ट घडवण्याचे काम तरुणांना पुन्हा शिकवले गेले, ते यंत्रे मोडीत काढण्यासाठी नव्हे. माणसाला काम कळले नाही तर तो यंत्राला चांगले शिकवू शकत नाही आणि यंत्र आहे तेथेच थांबते, असा त्यामागचा हिशेब होता. क्रँकशाफ्टच्या कामातील वाया जाणारा माल तीन वर्षांत १० टक्क्यांनी घटला. कावाई २०१७ साली कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्ष झाले. भट्टीपासून त्या दालनापर्यंतची शिडी तेथे अजून उभी आहे.

उद्योजकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. रंगाच्या विषारी वाफांत, वेल्डिंगच्या ठिणग्यांत माणसाऐवजी यंत्रमानव उभा राहिला तर त्याचे स्वागतच करावे. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेले हात औद्योगिक पट्ट्यात कमी नाहीत. प्रकाशाचा पडदा लावून, हात आत असताना प्रेस थांबवणारी यंत्रणा हे अंकीय तंत्रज्ञानाचेच देणे आहे. आणि ती जेथे नाही तेथे का नाही, हा प्रश्न लहान कारखानदारांनाही टाळता येणार नाही. जड उचलणे संपल्यामुळे महिलांना कारखान्याची दारे उघडली, हाही लाभ. शिवाय ‘शिकवले तरी पोरे टिकत नाहीत, शंभर रुपये जास्त मिळाले की शेजारी जातात’ ही मालकांची तक्रार खोटी नाही. पण सात महिन्यांनी ज्याला आपणच घालवणार, त्याने निष्ठेने टिकावे, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

कायद्याने काय केले? १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती की, यंत्रसामग्री किंवा कार्यपद्धतीतील ज्या सुधारणेमुळे कामगार कपात होण्याची शक्यता आहे, ती करण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची सूचना द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांतही ती टिकली आहे. शिवाय कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने त्याच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरावी, अशी नवी तरतूदही आहे. हेतू चांगला. पण ज्याचा करार संपला आणि पुन्हा झाला नाही, त्याची ‘कपात’ झाली असे कायदा मानत नाही. म्हणजे नव्या तंत्रज्ञानाचा पहिला फटका ज्याला बसतो, त्याच्यापर्यंत ना सूचना पोहोचते ना निधी. आणि पंधरा दिवसांच्या पगारात काय शिकायचे, हा प्रश्न तर वेगळाच. शिकण्याची वेळ हाती काम असतानाची असते. दाराबाहेर पडल्यानंतरची नव्हे. २०१३ साली तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ ही योजना आणली, ती शिकण्याच्याच नावाने. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ‘प्रशिक्षणार्थी’ हे स्वस्त मजुराचे नवे नाव ठरले आणि अखेर योजना गुंडाळावी लागली.

कामगार चळवळीलाही आपली जुनी भूमिका पुन्हा वाचून पाहावी लागेल. भारतीय मजदूर संघाने १९८४ हे वर्ष संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळले होते. आज त्याची थट्टा करणे सोपे आहे. संगणक आले, बँकांचे कामकाज सुधारले आणि माहिती तंत्रज्ञानाने मध्यमवर्गाच्या लाखो मुलांना रोजगार दिला. विरोधाचे भाकीत त्या क्षेत्रापुरते चुकले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु यंत्र कोणासाठी, हा त्यामागचा मूळ प्रश्न चुकला नव्हता. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानववादावर जी व्याख्याने दिली, त्यांत यंत्राचा विचार माणसापासून आणि देशाच्या परिस्थितीपासून तोडून करता येत नाही, हे सूत्र होतेच. संगणकाचा लाभ पदवीधरांच्या घरांत पोहोचला. ज्याच्या हातात पदवी नव्हती, त्याच्या हातातले कसब मात्र त्याच संगणकाने काढून घेतले. एकाच तंत्रज्ञानाचे हे दोन हिशेब एकाच वहीत मांडायला हवेत. ज्या सुशिक्षित कुटुंबातील मुलगा हिंजवडीत बसून कारखान्याच्या उत्पादनाची संगणकप्रणाली लिहितो, त्याच्या पडद्यावर चाकणचा तो तरुण एक क्रमांक असतो. प्रणाली लिहिताना त्या क्रमांकाला ऑफसेट बदलण्याची, चूक करण्याची आणि दुरुस्त करण्याची एक पायरी ठेवायची की नाही, हे अनेकदा त्याच्याच कळफलकावर ठरते.

करण्यासारखे फार मोठे आणि खर्चिकच असते असे नाही. कामगार संघटना दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार करतात. त्यात रुपयांच्या आकड्याबरोबर तासांचा आकडाही घालता येईल : प्रत्येक कामगाराला, कंत्राटी असला तरी, आठवड्यातून इतके तास सेटरच्या शेजारी उभे राहून शिकण्यासाठी. ज्यांचे सभासदत्व कायम कामगारांपुरते मर्यादित आहे, अशा संघटनांना ही मागणी नकोशी वाटेल, कारण कंत्राटी मुलगा शिकला तर तो आपल्या जागेवर येईल ही भीती आहे. ती भीती बोलून टाकलेली बरी. शासनाच्या हाती चारशेहून अधिक औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांची दारे पूर्ण वेळ शिकू शकणाऱ्या मुलांसाठी उघडी आहेत. पाळी संपवून येणाऱ्या पंचवीस वर्षांच्या हेल्परसाठी त्यांत संध्याकाळचे वर्ग आणि नऊ वर्षांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन देता येईल असे प्रमाणपत्र, या दोन गोष्टी व्हायला हव्यात.

आणि समाजकार्य करणाऱ्यांना तर कोणाच्या अनुमतीची वाट पाहायची गरज नाही. सीएनसीचा प्रोग्रॅम लिहून पाहण्यासाठी लाखोंचे यंत्र लागत नाही; यंत्राची नक्कल करणारी प्रणाली साध्या संगणकावर चालते. व्हर्नियर वाचणे, रेखाचित्र समजणे, आधीच्या मापांवरून ऑफसेटचा आकडा काढणे हे गणित सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही. चाकण, महाळुंगे, भोसरीच्या वस्त्यांत एका खोलीत दहा-दहा मुले पाळीपाळीने झोपतात. भोसरीला गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा वार. त्या दिवशी ही मुले खोलीवर असतात, कपडे धुतात आणि उरलेला वेळ मोबाइलवर घालवतात. निवृत्त झालेले टर्नर, टूलमेकर, फोरमन याच गावांत, त्याच गल्ल्यांत राहतात. त्यांना बोलावणारे कोणी नाही, एवढेच.